चार ओळींचं मानपत्र

वानणे म्हणजे स्तुती करणे. जुन्या कवितेत देवाला वानतात, जात्यावरच्या ओव्यांत बायका भावाला आणि माहेराला. आज हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. मुंबईजवळ दिवा गावात दोन खोल्यांत राहणारी माझी आई मात्र तो सर्रास वापरते. तिचा नियम एकच: डोळ्यांनी पाहिलं तेवढंच वानायचं.

मी डोंबिवलीतल्या शाळेत मराठी शिकवते. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे मानपत्र लिहिणं माझ्याकडे आलं. मुद्दे सत्कारमूर्तीच गुपचूप पुरवतात, हाही रिवाजच. सरांनी दीड पान पाठवलं, वर सांगितलं की भाषा भारदस्त हवी, एखादा जुना शब्द येऊ द्या.

सहावा मुद्दा होता ‘ओव्यांचे संकलक’. वाचून माझं डोकंच फिरलं. त्या ओव्या आईच्या. दोन सुट्ट्या तिच्याजवळ बसून मी उतरवून घेतल्या आणि प्रस्तावनेसाठी सरांना दिल्या. पुस्तक निघालं ते त्यांच्या नावावर. आईचं नाव कुठेच नाही, आणि ‘वानू’ खेडवळ वाटतं म्हणून सगळीकडे ‘प्रशंसू’. तेव्हा मी नोकरीत कायम झाले नव्हते, म्हणून मूग गिळून बसले. त्याबद्दल मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

या वेळी मी आईचा नियम लावला. सर वेळेवर येत. फळ्यावर त्यांचं अक्षर सुरेख पडे. डबा ते शेवटच्या घासापर्यंत संपवत. एकदा त्यांनी गळका नळ स्वतः दुरुस्त केला. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीसाठी मी खरंच दोन दिवस डोकं खाजवलं. फ्रेमवाल्याने विचारलं, मॅडम, एवढंच? मग त्याने सोनेरी वेलबुट्टी चांगली रुंद केली.

समारंभात मी ते खणखणीत वाचलं. टाळ्या जरा उशिराच पडल्या. नंतर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, ओव्यांचं राहिलं.”

“राहिलं नाही, सर. त्या माझ्या आईच्या आहेत.”

ते फ्रेमकडे बघत राहिले. मला त्यांची जराही दया आली नाही.

दिव्याच्या घरी गेले तर आई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, “वानलंस का गं सरांना?”

“जेवढं पाहिलं तेवढं.”

“मग लवकर आटपलं असेल,” ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवलं.