मिस्त्रींची चिंधी

लिफ्टचे मिस्त्री एकोणतीस वर्षं एका चिंधीच्या जोरावर जगले. लिफ्ट बंद करायची, यंत्रखोलीत पोलादी दोरावरून जुन्या बनियनची चिंधी फिरवायची. तार तुटलेली असली की धागा अडकतो. नाही अडकला, तर दोर ठीक. भल्याभल्या इंजिनियरांच्या नजरेतून सुटलेल्या तारा त्यांनी अशा पकडल्या होत्या, आणि हे ते चारचौघांत सांगतही असत.

मग नियम निघाला: पुढच्या महिन्यापासून प्रमाणपत्राशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही. साठी दोन वर्षांवर, आणि आता परीक्षा! लेक रोज पुस्तकातून प्रश्न विचारून तयारी करून घेई.

"बाबा, 'माझ्या हाताला कळतं' असं लिहून मार्क मिळत नाहीत हं."

"तुझ्या पुस्तकाने कधी दोर पाहिलाय का?" ते करवादायचे, पण पाठ करायचे. तिने हौसेने घेऊन दिलेला, जाडी मोजायचा कॅलिपर खिशात तसाच कोरा पडून होता.

परीक्षेत सातवा प्रश्न आला: एकही तार तुटलेली नसताना दोर कधी बदलावा? उत्तर तोंडपाठ होतं. 'आतून झिजून बारीक झाल्यास. म्हणून जाडी मोजावी.' लिहिलं, आणि मिस्त्रींचा हात थांबला. इस्पितळाच्या लिफ्टचा दोर आपण कधी मोजलाच नाही. चिंधी अडकली नाही म्हणून परवाच 'बिनघोर चालवा' सांगून आलो. त्याच लिफ्टने आपली बायको दिवसभर रुग्णांना वरखाली नेते.

ते उठले.

"आता गेलात तर परत आत घेणार नाही," पर्यवेक्षक म्हणाले. "पुढची परीक्षा वर्षाने."

तरी ते निघाले. बायको फोन उचलेना. कामावर असताना तो कपाटात असायचा.

इस्पितळाच्या यंत्रखोलीत पोचल्यावर लिफ्ट रिकामी होऊन खाली थांबेपर्यंत ते जीव मुठीत धरून उभे राहिले, मग मुख्य स्विच पाडला. सवयीने आधी चिंधी फिरवली. कुठेच अडकली नाही. मग कॅलिपर लावला. नवा असताना तेरा मिलिमीटरचा दोर साडेअकरा भरला, म्हणजे कधीच बदलायला हवा होता. त्यांनी तीनदा मोजला.

जिने चढून बायको धापा टाकत आली. "अहो, लिफ्ट तुम्ही बंद केलीत? खाली पेशंट खोळंबलेत. आणि परीक्षा?"

"तू सकाळपासून लिफ्टने किती वेळा वर आलीस?"

"मी काय मोजत बसते का? पंधरा-वीस वेळा."

मिस्त्रींनी कॅलिपर पुन्हा दोराला लावला आणि साडेअकराचा आकडा तिला दाखवला.