परकी घडी

मुलींच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर नवीन होते तेव्हाची गोष्ट. गच्चीवर वाळत घातलेले माझे कपडे संध्याकाळी पलंगावर घडी करून ठेवलेले दिसले. आईची घडी चौकोनी असते. ही लांबट होती, कुणा परक्या घरातली. सगळं उलटंपालटं करून पाहिलं. काहीच गेलं नव्हतं, म्हणून तर संशय वाढला. एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाचं फुकट करतं?

"अगं, गच्चीवरून शेवटी उतरते ती सगळ्यांचे कपडे आणते," रूममेट म्हणाली.

मला पटलं नाही. असल्या मायेत काहीतरी मतलब असतोच.

काल गच्चीवरून शेवटी मीच उतरले. नव्या मुलीने मी घडी करून आणलेला तिचा गठ्ठा घेतला आणि माझ्यासमोरच एकेक कपडा झटकून पाहिला. आईची चौकोनी घडी मोडत गेली. तिची खात्री पटेपर्यंत मी दारात उभी राहिले.