काकूंच्या माडीवरचा नाताळ

मी खोटं बोलले नव्हते. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता माझाच मला कंटाळा आलाय. घरमालकीण काकूंनी विचारलं होतं, "तुम्ही आपल्यातलेच ना?" आणि मी म्हटलं होतं, "आम्ही नागपूरचे." बस्, एवढंच. नागपूरचे तर आम्ही होतोच! पण त्याच दिवशी सकाळी मी बाजारातून कुंकवाची पुडी आणली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा कपाळाला कुंकू लावलं होतं. आम्ही ख्रिस्ती. माझ्या माहेरी नाही की सासरी नाही, कुणी बाई कुंकू लावत नसे. तेव्हा तोंडानं बोलले नसेन, कपाळानं बोलले.

प्रांतांची फेररचना झाली, जुना मध्यभारत नकाशावरून गेला, आणि ह्यांची कचेरी नागपुरातून उचलून ग्वाल्हेरला आणून ठेवली. कारकून, कपाटं, फायलींचे गठ्ठे, सगळा संसार. हे आधी एकटे आले आणि पडाव नावाच्या वस्तीत एका खोलीत पाच कारकुनांत दिवस काढले. पावसाळा सरता सरता मला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. शहराच्या लष्कर भागात मराठी घरं पुष्कळ, आपल्या माणसांना जागा मिळायला काय वेळ, असं आम्हांला वाटलं. आडनाव ऐकून लोक खूश व्हायचेही. "या, या, बसा." चहा यायचा. मग "देवघर कुठल्या कोनाड्यात मांडाल?" असा प्रश्न यायचा आणि हे सरळ खरं सांगून टाकायचे. दोन घरांत असं झालं आणि जागा हुकली. दुसऱ्या घरी आमच्या कपबशा बाकीच्यांपासून वेगळ्या काढून ठेवताना मी पाहिल्या. त्या रात्री मला संतापानं जेवण गेलं नाही. तिसऱ्या घरी, गोरखीच्या बाजूला, ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले.

काकूंनी माडीवरच्या दोन खोल्या दिल्या. त्या स्वतः खाली राहत. काका कधीचे वारलेले, मुली लग्न होऊन इंदूर-उज्जैनला गेलेल्या. बाई मोकळ्या मनाची, बोलण्यात निम्मी हिंदी. "अगं, इतका तकल्लुफ कशाला? काही लागलं तर बेधडक आवाज दे." मी मान डोलवली आणि वर येऊन ट्रंक उघडली. भिंतीवर लावायचा लाकडी क्रूस होता, तो साड्यांच्या खाली घातला. पवित्र शास्त्राला, आमच्या बायबलला, खाकी कागदाचं कव्हर चढवलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "काय करून राहिली तू?"

"आई, थोडे दिवस. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत. प्रार्थना मनात म्हणा. आणि गाणं नको."

"काहून? चोरी केली काय आपण?"

मी कव्हरच्या कडा दुमडत राहिले. त्या "बरं" म्हणाल्या. सासूबाईंचं "बरं" फार वाईट असायचं, त्यानंतर भांडायला जागाच उरत नसे.

सासूबाईंचा देव चुलीपाशी असे, हे सांगायला हवं. नागपुरात त्या भाताला आधण ठेवतानाच मोठ्यानं म्हणत, "देवबापा, आजचं दिलंस, तुझे उपकार." भाकरी थापताना गात, पीठ चाळताना गात. आवाज काही फार गोड नव्हता, पण खणखणीत होता. आमच्या आळीत त्यांच्या गाण्यावर लोक वेळ ओळखत. ताटावर बसलं की डोळे मिटून त्या अशा सविस्तर आभार मानायच्या की आमची आमटी निवायची आणि हे हळूच एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे. आता त्या ताटासमोर नुसते ओठ हलवू लागल्या. आमटी गरम मिळायला लागली.

आणि खरं सांगू? तो शरद मला फार आवडला. हीच तर बोच आहे. उकाडा गेला, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली. गल्लीत शिंगाडेवाले यायला लागले, पोरं टेसूचं बाहुलं घेऊन गाणी म्हणत, पैसे मागत दारोदार हिंडायची. नवरात्रात काकूंनी मला हात धरून भोंडल्याला खाली ओढलं. लहानपणी मिशनच्या आवारातून मी दुसऱ्यांचे असले खेळ कुंपणाला नाक लावून पाहिले होते. आता मी फेरात होते. खिरापत ओळखायला मला पुढं करत, आणि मी बरोबर ओळखली तर बायका "वाह भई वाह!" म्हणून टाळ्या पिटत. मी खुळ्यासारखी खूश होऊन वर यायची. वर सासूबाई अंधारात खिडकीशी बसलेल्या असायच्या. "झालं खेळून?" एवढंच विचारायच्या.

रविवारी हे आणि सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, चर्चमध्ये जात. काकूंना मी सांगितलं होतं की तिकडे एक वैद्य आहे, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावून देतो. झालं! काकू दर रविवारी गुडघ्याची चौकशी करायला लागल्या. एकदा स्वतः लसूण घालून तेल कढवून आणलं. सासूबाईंचा गुडघा ठणठणीत. काकू विचारायच्या, "फरक पडला का हो?" तर त्या म्हणत, "देवाची दया आहे." त्यात एक अक्षर खोटं नाही. दार लागल्यावर मात्र मला म्हणाल्या, "हाच गुडघा मी प्रार्थनेला टेकते, पोरी. त्याले काहून बदनाम करतेस?"

दिवाळीच्या आधी काकू अंगणात घसरल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. फराळ कोण करणार? आम्ही दोघी वर आहोतच की. सासूबाईंच्या हातचे अनारसे काकूंनी खाल्ले होते. त्यांनी प्रेमानं बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, "मी माझ्या चुलीवर करून देते, खाली नाही येत." काकूंना वाटलं, गुडघा. मी मात्र वर येऊन भडकले. म्हटलं, "आई, इतकं प्रेमानं बोलावतात, तुम्ही नाटकं का करता? त्यांना संशय येईल ना!"

"त्या बाईच्या देवाचा नैवेद्य आहे त्यात," त्या म्हणाल्या. "तिनं सोवळं सांभाळायचं आणि आपण तिला फसवून आत शिरायचं? मले नाही जमत. तुले जमत असेल तर जा."

मी गेले. न्हाऊन, ओलेत्या केसांनी गेले, चकल्या पाडल्या, लाडू वळले. पहिला घाणा देवापुढं ठेवायला काकूंनी माझ्याच हाती ताटली दिली. मी ठेवली. ठेवली आणि पुन्हा कढईपाशी जाऊन बसले.

मग नाताळ जवळ आला. आमच्याकडे नाताळाची सुरुवात संत्र्यांपासून होई. ह्यांच्या कचेरीतले कुणी रजेवरून परतताना नागपूरची करंडी घेऊन आलं होतं. सासूबाईंनी साली फेकू दिल्या नाहीत. पांढरा गर खरवडला, साली बारीक चिरल्या, साखरेच्या पाकात मुरवल्या. पेठा, मनुका, काजूचे तुकडे, सगळं एका बरणीत. रोज सकाळी बरणी उघडून हलवायची, वास घ्यायचा आणि मला हाक मारायची, "ये, बघ तरी!" त्या महिनोन् महिने इतकं हसल्या नव्हत्या. केकचं मिश्रण डब्यांत भरून आम्ही बेकरीच्या भट्टीवर भाजून आणलं. नागपुरातही तसंच करायचो, घरी भट्टी कुणाकडं असते? पण या वेळी मला मनातून बरं वाटलं की घरात वास सुटणार नाही.

केक आणला त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "नाताळला तरी गाऊ देशील ना? एकच. लहानसं."

मी म्हटलं, "बघू."

साठीच्या बाईनं सुनेला असं विचारायचं, आणि सुनेनं म्हणायचं, बघू!

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही करंज्या करत होतो. दुपारचं कोवळं ऊन खोलीत आलं होतं. मी लाटत होते, त्या भरत होत्या, कातण फिरवत होत्या. सारण छान जमलं होतं, पारी खुसखुशीत होत होती, आणि त्या विसरल्या. अगदी साफ विसरल्या. आधी गुणगुणल्या, मग त्यांचा तो आवाज एकदम मोकळा सुटला. प्रभूच्या जन्माचं गाणं. तीन-चार महिने बंद केलेला आवाज, खोलीत मावेना. मला आधी वाटलं, गाऊ दे. देवाशपथ वाटलं. तेवढ्यात जिन्यावर काकूंची चाहूल लागली.

मी उठले आणि त्यांच्या तोंडावर हात दाबला. पिठाचा हात. नुसता ठेवला नाही, दाबला. त्यांचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत होते, ते थांबेपर्यंत दाबला.

काकू आत आल्या तेव्हा मी परत पोळपाटाशी होते. त्यांच्या हातात मटारच्या शेंगांची परडी होती. "कोण गात होतं गं? काय सुरेख आवाज!"

"गल्लीत कुणाचा तरी रेडिओ, काकू."

"रेडिओ? मला तर लगा, इथूनच येतोय." मग त्यांचं लक्ष करंज्यांकडं गेलं. "आज काय विशेष?"

"उद्या ह्यांचा वाढदिवस आहे."

सासूबाईंच्या गालावर माझ्या बोटांचं पीठ होतं. त्यांनी ते पुसलं नाही. खाली मान घालून पुढची करंजी भरत राहिल्या.

प्रभूला शिपायांनी धरून नेल्यावर भीतीनं 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या त्या शिष्याची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. त्याचं निदान बरं, तो बाहेर जाऊन रडला तरी. मी करंज्या तळल्या. आणि दुसऱ्या दिवशी चर्चमधून परत येतो तो काय, काकू ताम्हण घेऊन माडीवर हजर! ह्यांना पाटावर बसवून ओवाळलं, कपाळाला टिळा लावला, "शतायुषी व्हा" म्हणाल्या. हे बिचारे माझ्याकडे बघतच राहिले. सासूबाईंनी काकूंना बशीतून केक दिला. त्या दिवशी त्या गाणार होत्या. गायल्या नाहीत, आणि मीही आठवण केली नाही.

पुढच्या श्रावणात सरकारी क्वार्टर मिळालं. सामान टांग्यात चढलं तेव्हा मी काकूंच्या पाया पडायला गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कुंकू, चर्च, वाढदिवस, सगळं. मला वाटलं, आता त्या जवळ घेतील नाहीतर शिव्या तरी देतील. त्यांनी टांग्यातल्या सामानाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर खोल्या दिल्या नसत्या. झूठ कशाला बोलू? पण देवापुढं ताटली ठेवायला दिली, तेव्हा तरी सांगायचं होतंस गं." आणि आत गेल्या. त्यानंतर बाजारात भेटल्या की थांबायच्या, पुढं मला मुलं झाली तेव्हा त्यांची चौकशी करायच्या, पण आमच्या घरी त्या कधी आल्या नाहीत.

नव्या घरात मी सामान सोडायच्या आधी खिळा ठोकला. क्रूस दर्शनी भिंतीवर, येणाऱ्याला दारातूनच दिसेल असा लावला. कुंकवाची डबी परसात रिकामी केली. स्वतःच्या हातानं स्टोव्हवर भाताचं आधण ठेवलं आणि म्हटलं, "आई, आता म्हणा. मोठ्यानं म्हणा. कुणाची भीती नाही."

सासूबाई पातेल्यापाशी आल्या. डोळे मिटले. मी वाट बघत उभी. त्यांचे ओठ हलले. फक्त ओठ. डोळे उघडून त्या माझ्याकडं बघून ओशाळल्यासारख्या हसल्या. "राहू दे गं. सवय मोडली." मला वाटलं, येईल पुन्हा. चार दिवसांत येईल. मी एखादं गाणं मुद्दाम सुरू करायची, चुकीच्या चालीत, म्हणजे त्या तरी सुधारतील. त्या पीठ चाळत राहायच्या.

त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या. अकरा नाताळ झाले, दर थंडीत संत्र्याच्या साली मुरल्या. माझी दोन्ही मुलं त्याच घरात वाढली, आणि आजीचा आवाज गाण्यात कसा लागतो ते त्यांना माहीतच नव्हतं. एकदा जेवायला बसलो होतो. आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं आभार मानले, सासूबाईंनी ओठांनी. धाकटीनं विचारलं, "आजी, तू देवाशी हळू का बोलतेस? तुला आवाज नाही का?"

माझ्या हातात भाताचा डाव होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. मनात म्हटलं, सांगा आता. पोरांना कळू दे.

"माझा घसा लहानपणापासून कमजोर आहे, बाळा," सासूबाई म्हणाल्या. मग ताट माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "वाढ."