काबुली चण्यांचं पानिपत

पानिपत आपण जिंकलो असतो, असं म्हणणारा घरटी एक तरी सापडतो. कॅल्गरीचा नंदू बिवलकर मात्र ते दर संक्रांतीला जिंकून दाखवायचा. वय पासष्टीला टेकलं तरी सगळ्यांना तो नंदूच. पुण्यात इंजिनिअर झाला, इथे येऊन जन्मभर पाइपलाइनींचे व्हॉल्व्ह सांभाळले, पण हरणं काही त्याला शिकता आलं नाही. कॅरममध्ये हरला तर बोर्डावर पावडर कमी होती. बॅडमिंटनमध्ये हरला तर फूल जड होतं. घरात बायकोपुढे, प्रमिलापुढे, तो रोज हरायचा, पण त्याला तो समजूतदारपणा म्हणायचा.

रणांगण बेसमेंटमध्ये होतं, लेकीसाठी कधीकाळी घेतलेल्या पिंगपाँगच्या टेबलावर. मराठ्यांची फौज देशी हरभऱ्यांची आणि अब्दालीची अर्थातच काबुली चण्यांची. मराठ्यांच्या डाव्या हाताला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण, तिला काळे उडीद, गणवेश एकसारखा दिसावा म्हणून. तिच्या शेजारी विंचूरकर आणि गायकवाड. मधोमध भाऊ आणि विश्वासराव, उजव्या हाताला शिंदे-होळकर. तोफांच्या जागी नटबोल्ट. सगळ्यांच्या मागे पसाभर साबुदाणा, म्हणजे यात्रेकरू, बायकामुलं आणि बाजारबुणगे. लढाई कशीही झाली तरी साबुदाणा आधी सांडायचा आणि उन्हाळ्यापर्यंत कार्पेटमध्ये सापडत राहायचा.

पलीकडे अब्दालीच्या उजव्या हाताला रोहिले, मध्ये वजीर शाहवलीखान, डाव्या हाताला नजीबखान. उंटांवरच्या छोट्या तोफांना लवंगा. आणि अगदी मागे, अब्दालीच्या तंबूपाशी, स्टीलच्या वाटीत त्याची राखीव फौज. समोरचा दमला की ही वाटी रिकामी करायची, बस्स. भाऊंच्या बाजूला वाटी नव्हती. नंदू इतिहासाशी प्रामाणिक होता, स्वतःला वाटी घेत नव्हता.

चाली सापशिडीच्या फाशावर. आणि कायदा असा, की जी फौज हरेल ती रात्री भिजत पडायची आणि दुसऱ्या दिवशी ताटात यायची.

पंचाईत एकच होती. मराठी मंडळात अब्दाली व्हायला कुणी तयार होईना. अफजलखान होईन म्हणाले, रावण तर हौसेने होईन म्हणाले, पण अब्दाली नको. शेवटी नंदूने ऑफिसातल्या बापूला गाठलं. बापू मूळचा नागपूरचा.

"तुमचे नागपूरकर भोसले पानिपतावर आलेच नव्हते," नंदू म्हणाला. "मग भाऊंच्या बाजूला उभं राहायचा तुला अधिकारच काय? तू अब्दाली."

"काय बे! नाही आलो म्हणून डायरेक्ट दुश्मन?" बापू हसला आणि पलीकडे जाऊन बसला. तेव्हापासून त्याची जागा तीच.

नंदूची युक्ती ठरलेली. विंचूरकरांना लगाम घालायचा, गारद्यांच्या बंदुकांपुढे घोडी जाऊ द्यायची नाही आणि रोहिले पुरते भाजून काढायचे. तरीही दुपार कलली की हरभरे दमायचे. नेमका तेव्हा बापू कपाळावर हात मारायचा. "अबे, राखीव फौज राहूनच गेली की!" तोवर नंदू त्याच्या तंबूत शिरलेला असायचा. "वय झालं तुझं," नंदू म्हणायचा. दुसऱ्या दिवशी छोले. बापूला छोले अजिबात सोसत नसत. तो जेवून ईनो प्यायचा आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा हजर.

यंदा बापूने राहता कॉन्डो विकला. तो मुलाकडे, विमानाने चार तासांवरच्या व्हिटबीला, कायमचा राहायला निघाला होता.

"व्हिटबीला चिनूक येतो का?" नंदू आठवडाभर विचारत होता. भर थंडीत डोंगरावरून येणारा हा गरम वारा जणू त्याच्या मालकीचा होता. "नाही ना? मग?"

"नातू येते ना बे, शाळेतून. मले तेवढं पुरे."

नंदूला दोन गोष्टी हव्या होत्या: बापूने जाऊ नये, आणि शेवटचं पानिपत आपणच जिंकावं. पहिली हातातून गेली होती, म्हणून दुसरी त्याने घट्ट धरली.

बाहेर उणे अठ्ठावीस. बापू बूट काढून जिना उतरला, टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एक मागू का? आज मी भाऊ होतो."

नंदूला नाही म्हणायचं होतं. पण तो उठून पलीकडे जाऊन बसला.

बापू भाऊ म्हणून अगदीच कच्चा निघाला. साबुदाण्याला मध्ये घेऊन भोवती सगळी फौज उभी केली आणि कुणालाच पुढे जाऊ देईना. "बायकामुलं आहेत बे आत," म्हणाला. फाशाच्या दानावर विंचूरकर तेवढे सुटले ते सुटलेच, त्यांची घोडी आडवी आली आणि गारद्यांच्या बंदुका मुक्या झाल्या. हरभरे भराभर पडू लागले, पण मधली रांग हटेना. आता एक धक्का पुरे होता. नंदूचा हात आपोआप वाटीवर गेला.

आणि तिथेच थांबला. वाटी अगदी उजव्या कोपराशी होती. चहा उचलायचा तर आधी ती बाजूला करावी लागत होती. ही विसरायची म्हणजे आंधळाच हवा. आणि बापूने तर जन्मभर स्टँडबाय पंपांचं काम केलं होतं. मुख्य पंप बसला की राखीव पंप सुरू होतो की नाही हे बघण्याचा पगार घेतला होता त्याने. तो राखीव फौज विसरायचा? दर वर्षी?

नंदूचे कान तापले. म्हणजे पानिपत त्याने एकदाही जिंकलं नव्हतं. आधी राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग या माणसाने आपल्या एका दुपारच्या आनंदासाठी वर्षानुवर्षं छोले खाल्ले, हे मनात आलं तसं त्याला भरून आलं.

त्याने वाटी उचलली, मांडीवर ठेवली, टेबलाखाली. दोन चाली तशाच खेळला. बापूचे उरलेसुरले हरभरे अडखळत तंबूत शिरले. तेव्हा नंदूने कपाळावर हात मारला.

"अरे, राखीव फौज राहूनच गेली की रे!"

बापूने मान वर केली. "वय झालं बे तुझं," तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुसू लागला.

नंदू जिन्याशी जाऊन ओरडला, "प्रमिला, हरलो गं! काबुली भिजत घाल!"

"डब्यातले दुपारीच घातलेत," वरून आवाज आला. "त्या खुर्चीत बसणारा माणूस विसरतोच. बापूभावजी, तुमचं ईनो आणून ठेवलंय."