पुढं चालणारा माणूस

काल बाजारात एक गडी ताडताड पुढं चाललेला, बायको पिशव्या घेऊन पार मागं. मीही जन्मभर तसाच चाललो. मग आपल्या शहरात वर्षभर गाण्यानाटकांचे कार्यक्रम झाले. मैदानात ही गर्दी! आमची बायको हरवू नये म्हणून तिचा हात धरावा लागला.

त्या कार्यक्रमांचा लोकांवर काय परिणाम झाला, ते मोजायला परवा एक पोरगी दारात आली.

"आजोबा, तुमच्यात काय फरक पडला?"

"माझ्यात? काडीचा नाही!"

आतून ही म्हणाली, "लिही गं, कार्यक्रम संपले, पण ह्यांनी हात नाही सोडला."

"खरं का, आजोबा?"

शहर मोठं झालं का, हे रस्त्यावर कोण कुणाच्या बरोबरीनं चालतंय त्यावरनं कळतं. माझी छाती फुगली.

"खरं. आणि खाली माझं नाव घाल, ठळक."