एकेचाळिसाव्या प्रश्नातला रुग्ण

उमेदवार: कु. हेस्टर पेग्लर. वय चोवीस. वैद्यकीय शिक्षण, अंतिम वर्ष. दडपणाखाली स्थिर, सहकाऱ्यांशी सौजन्यपूर्ण, रुग्णहित सर्वोपरी मानणारी. यांपैकी कोणता गुण किती, हे डिसेंबरातल्या एका सकाळी सत्तर प्रश्नांत, एकशेचाळीस मिनिटांत, शिसपेन्सिलीने निश्चित करण्यात येईल.

या परीक्षेत औषधांचं कोणी काही विचारत नाही. एक प्रसंग, त्याखाली वागण्याच्या पाच तऱ्हा. सर्वांत योग्य ते सर्वांत अयोग्य असा क्रम लावायचा. गुण चांगले पडले तर नव्या डॉक्टरला पहिली दोन वर्षं हव्या त्या भागात मिळतात. हेस्टरला ग्लॉस्टर हवं होतं. तिथे कालव्याकाठी तिचे वडील, आल्बन, एकटे राहत. चाळीस वर्षं त्यांनी बोटींसाठी फिरता पूल उघडला-मिटला होता. वसंतात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता एका हाताने शर्टाची बटणं लावेपर्यंत अकरा वाजत.

तीन महिने सराव करता करता हेस्टर त्या प्रश्नांतल्या रुग्णालयात जणू राहायलाच गेली. तिथे कामाची पाळी संपायला कायम पाच मिनिटं असत, मोठे डॉक्टर कायम शस्त्रक्रियेत असत, आणि एक तरुण सहकारी कायम तोंडाला दारूचा वास घेऊन कामावर येई.

"याला अजून काढला कसा नाही गं?" तिने विचारलं.

"काढला तर प्रश्न कशावर काढतील?" तिच्यासोबत राहणारी फोला म्हणाली. "तू एवढंच कर. आधी वरिष्ठांना सांग, मग नर्सला विचार, स्वतःचं मन सगळ्यात शेवटी. आणि तू कशी वागशील ते नको लिहू, कसं वागायला हवं ते लिही."

"दोन्ही एकच असलं तर?"

"तर तू संत आहेस. चहा टाक."

परीक्षा क्रीडागृहात होती. एकेचाळिसाव्या प्रश्नात अर्धांगवायू झालेला एक म्हातारा होता. तुमची कामाची पाळी संपली आहे. तो म्हणतो, जरा बसा. क्रम लावा.

उत्तर तिला पाठ होतं: पुढच्या डॉक्टरकडे सोपवा आणि घरी जा. तिने उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे केले. मग खिडकीबाहेरचं धुकं आत आलं, जमिनीवरच्या बॅडमिंटनच्या रेषा पाण्याखाली गेल्या, आणि कुठलाही आवाज न करता एक पूल हळूहळू फिरू लागला. म्हाताऱ्याचा हात गार होता. ती बसली. एक बोट गेली, मागून दुसरी.

"पेन्सिली खाली ठेवा," कोणीतरी म्हणालं. एकोणतीस प्रश्न कोरे होते.

मार्चात निकाल लागला. तिने घरी फोन केला.

"कुठं म्हणालीस?" आल्बननी विचारलं.

"लिंकनशायर, बाबा."

"बरं. तिकडं कोबी चांगला होतो."

"मी शेवटचे प्रश्न सोडवलेच नाहीत."

"येत नव्हते?"

"येत होते. एका म्हाताऱ्यापाशी बसून राहिले."

"मग त्याला बरं वाटलं का?"

"तो खरा नव्हता, बाबा."

"हं," आल्बन म्हणाले.

पत्रात अभिनंदन होतं: उमेदवाराच्या योग्यतेनुसार तिची यथोचित नेमणूक करण्यात आली आहे. लिंकनशायरहून आल्बनच्या घरी जायला तीन गाड्या बदलाव्या लागतात, आणि शेवटच्या टप्प्याची बस रविवारी नसते.