तळाला बसलेलं औषध

आमच्या पेठेतल्या दवाखान्यातले कंपाउंडर बोलताना माणसाकडे नाही, हातातल्या बाटलीकडे बघायचे. मी रोज इन्शुलिन टोचूनही आईची साखर उतरेना. लघवी निळ्या द्रावणात उकळून तपासली की नळी विटकरीच व्हायची, म्हणजे साखर भरपूर. घाबरून मी बाटली त्यांच्याकडे नेली.

“औषध तळाला बसलंय की! तुमी नुसतं वरचं पाणी टोचताय,” ते म्हणाले. “ह्यातलं प्रोटामीन इन्शुलिनला धरून ठेवतं, हळूहळू सोडतं. जोरात हलवू नका, बाटली तळव्यांत घोळवा.”

पुढचे आठ दिवस, दवाखाना उघडण्याआधी, ते सायकलवरून येऊन बाटली घोळवणारे माझे हात बघून जात. नवव्या दिवशी नळी हिरवट-निळी झाली. त्यांनी भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

“मलाबी लई घोर लागला हुता,” म्हणाले, आणि पहिल्यांदाच आईकडे चहा मागितला.